थंड असताना एका सेल्फला, गरम झाली की नाहीच: एका डिझेल गाडीचा तपास

गाडी चार सिलिंडरची, कॉमन रेल डिझेल, दीड लिटरच्या आतबाहेरची, हाताने गिअर टाकायची. चाललेली १ लाख ४० हजार किलोमीटरच्या पुढे. तक्रार एवढीच: सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. तासभर चालवून बंद केली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत सेल्फ मारला, की इंजिन फिरतं, फिरतच राहतं, पण पकडत नाही. दोन-अडीच तास तशीच ठेवली की जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू होते.

आमच्याकडे येण्याआधी गाडी दोन गॅरेजमधून फिरून आली होती. चारही हीटर प्लग नवे, डिझेल फिल्टर नवा, बॅटरी नवी. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनर लावल्यावर पी ००८७ हा कोड मिळाला, म्हणजे रेलमधला (पंपाने दाबाने भरलेल्या डिझेलच्या जाड नळीतला) दाब कमी. त्यावरून हायप्रेशर पंप बदला असं सांगण्यात आलं, आणि पंपाचा आकडा ऐकून मालक दुसरं मत घ्यायला आले.

खरं सांगायचं तर पंप बदलला असता तर गाडी बहुधा सुरूही झाली असती, निदान काही महिने. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं. चुकीच्या दुरुस्तीनेही ही गाडी बरी झाल्यासारखी दिसली असती. एकदा तशी दिसलीही होती.

आधी चौकशी

बॉनेट उघडण्याआधी बराच वेळ विचारपूस केली. सेल्फ कसा फिरतो? थंड असताना फिरतो तसाच, जोरात. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? मालकांना माहीत नव्हतं, ते आत बसलेले. पण त्यांचा मुलगा धक्का मारायला नेहमी मागे असायचा. तो म्हणाला, "नाही काका, धूर अजिबात नसतो. डिझेलचा वासही येत नाही."

हे उत्तर फार मोलाचं. इंजिन फिरतंय आणि मागून पांढरट धूर निघतोय, तर डिझेल सिलिंडरमध्ये जातंय पण पेटत नाहीये. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग यांच्याकडे वळायचं. धूर मुळीच नाही, तर डिझेल आत पोचतच नाहीये. यासाठी स्कॅनर लागत नाही, गाडीच्या मागे उभा राहणारा एक माणूस पुरतो. तरीही हे बघितलं जात नाही, आणि हीटर प्लग मात्र बदलले जातात.

इथे तर हीटर प्लगचा संबंधच नव्हता. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आत ओढलेली हवा साधारण सोळा-सतरापट दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंड इंजिनात धातू ती उष्णता खाऊन टाकतो, म्हणून हीटर प्लगची मदत लागते. गरम इंजिनाला ती लागत नाही, बहुतेक गाड्या गरम असताना हीटर नीट चालूही करत नाहीत. जी गाडी थंड असताना सुरू होते आणि गरम असताना होत नाही, तिचे हीटर प्लग बदलण्यामागे काय हिशेब होता ते मला अजून कळलेलं नाही. कॉम्प्रेशनचंही तेच. ते कमी असेल तर गाडी सकाळी रडते.

आणखी तीन गोष्टी कळल्या. नवी बॅटरी बसवल्यावर दोन-तीन आठवडे तक्रार गायब झाली होती, मग हळूहळू परतली. धक्का मारला की गाडी हटकून सुरू होते. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की लगेच पकडते, त्यामुळे मालकांना गाडी उतारावर लावायची सवयच लागली होती. आणि एकदा सुरू झाली की काहीही दोष नाही: ओढ चांगली, ॲव्हरेज पूर्वीसारखं, डॅशबोर्डवर दिवा नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये एअर फिल्टरच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारून पाहिला होता. गाडी क्षणभर फुर्रकन पेटली आणि बंद पडली. यातून कॉम्प्रेशन ठीक आहे आणि डिझेल येत नाही, हे सिद्ध होतं खरं. पण हीटर असलेल्या डिझेल इंजिनात असला स्प्रे मारणं हा धोक्याचा खेळ आहे. तो नको त्या क्षणी पेटला तर रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो. तीच माहिती धूर बघून फुकटात मिळते.

आवक आणि गळती

जुन्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक नोझलला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाला, वेगळा दाबाचा ठोका द्यायचा. सुरू होत नसेल तर नोझलच्या पाइपचा नट ढिला करून सेल्फ मारायचा आणि डिझेल उडतंय का बघायचं. कॉमन रेलमध्ये, जी मोटारीत पहिल्यांदा १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून बाजारात आली, हे चित्र बदललं. पंप फक्त एक जाड नळी, म्हणजे रेल, दाबाने भरत राहतो. नोझल कधी आणि किती वेळ उघडायचे ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो.

आणि ईसीयू एक अट घालतो. रेलमध्ये ठरावीक दाब जमल्याशिवाय तो नोझल उघडतच नाही. ही मर्यादा गाडीगणिक वेगळी, पण बहुतेकांत १५० ते २५० बारच्या दरम्यान. या गाडीत ती २०० च्या आसपास होती.

सेल्फवर इंजिन मिनिटाला दोनशे ते अडीचशे फेऱ्या घेतं, आयडलला आठशेच्या वर. पंप इंजिनवरच चालतो, म्हणजे सेल्फ मारताना त्याची आवक आयडलच्या जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा. तेवढ्यातून गळती वजा जाते आणि उरेल त्यावर दाब चढतो. इंजिन चालू असताना आवक इतकी असते की छोटी-मोठी गळती ईसीयू गुपचूप भरून काढतो, पंपात किती डिझेल जाऊ द्यायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह जरा जास्त उघडतो आणि कुणाला काही कळत नाही. जमाखर्च उघडा पडतो तो फक्त सेल्फच्या त्या दोन-चार सेकंदांत.

आता मालकांनी सांगितलेलं यात बसवून बघा. थंड डिझेल दाट असतं. युरोपच्या ईएन ५९० मानकात ४० अंशांना त्याची विष्यंदिता (दाटपणा) सेकंदाला २ ते ४.५ चौरस मिलिमीटर एवढी धरली आहे. ८० अंशांवर गेलं की ती जवळपास निम्मी होते. पातळ डिझेल झिजलेल्या फटीतून सहज निसटतं. शिवाय इंजिन बंद केल्यावर कूलंट फिरायचा थांबतो आणि हेडमधली उष्णता नोझलमध्ये आणि आसपासच्या पाइपांत चढत राहते, म्हणून सगळ्यात वाईट वेळ बंद केल्यानंतर वीस-तीस मिनिटांची. धक्क्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी दहा किलोमीटरला इंजिन आठशे-नऊशे फेऱ्या घेतं, आवक एकदम तिप्पट-चौपट, गाडी पकडते. नव्या बॅटरीने सेल्फच्या वीस-तीस फेऱ्या वाढल्या, आवक गळतीच्या किंचित पुढे गेली आणि तक्रार मिटली. गळती आणखी वाढल्यावर ती फेडही पुरेना.

थोडक्यात, स्कॅनर न लावताच एवढं कळलं होतं की सेल्फवर रेलचा दाब मर्यादेखाली अडकतोय. प्रश्न उरला तो बाजूचा: आवक कमी झाली आहे की गळती वाढली आहे? पी ००८७ याचं उत्तर देत नाही. तो फक्त दाब कमी आहे एवढंच सांगतो. दुसऱ्या गॅरेजने तो "पंप गेला" असा वाचला. नवा पंप जुन्यापेक्षा थोडी जास्त आवक देतोच, त्यामुळे बॅटरीसारखाच त्यानेही काही काळ गुण दिला असता.

मोजमाप

गाडी मुद्दाम तासभर चालवली, बंद केली आणि पंचवीस मिनिटं बॉनेट न उघडता ठेवली. दोष गरम असताना दिसतो, तर मोजायचं गरम असतानाच. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आधी मोजणाऱ्यावर विश्वास ठेवता येतो का ते पाहिलं. चावी चालू, इंजिन बंद, रेल रिकामी, तेव्हा दाबाचा सेन्सर शून्याजवळ आणि अर्धा व्होल्ट दाखवत होता. बरोबर. हाच सेन्सर खोटं बोलत असता तर पुढचं सगळं वाया गेलं असतं.

मग सेल्फ मारला. व्होल्टेज १०.५ च्या खाली गेलं नाही, फेऱ्या २४०. स्कॅनरवर फेऱ्या दिसतायत याचा अर्थ क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर, जिवंत आहे. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाड्यांत हा सेन्सर नेहमीचा संशयित, पण तो गेला की फेऱ्या शून्य दिसतात. इमोबिलायझरचा दिवा विझलेला, कॅम आणि क्रँकचा मेळ जमलेला. मागितलेला दाब ३००. मिळालेला? आलेखाची रेघ सुरुवातीला झटकन वर गेली, ११० ते ११५ बारवर आली आणि सेल्फ सोडेपर्यंत तिथेच आडवी राहिली.

त्या आडव्या रेघेकडे जरा थांबून बघण्यासारखं आहे. पंपाला डिझेलच मिळत नसतं किंवा लाइन एअर घेत असती, तर रेघ थरथरली असती, पडली-उठली असती. ती स्थिर आहे, म्हणजे त्या दाबाला जेवढं येतंय बरोबर तेवढंच कुठूनतरी जातंय.

तरी कमी दाबाची बाजू तपासलीच. टाकीतला पंप फिल्टरपर्यंत चार बार देत होता. फिल्टर आणि हायप्रेशर पंपामध्ये पारदर्शक नळी लावून पाहिली, एकही बुडबुडा नाही. मीटरिंग व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून सेल्फ मारला. या पंपात वीज काढली की तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो, म्हणजे पंपाची पूर्ण आवक रेलला मिळते. दाब १२० पर्यंत गेला, पुढे नाही. म्हणजे ईसीयू हात आखडता घेत नव्हता. (सगळ्याच पंपांचा व्हॉल्व्ह असा उघडत नाही, काहींचा उलटा असतो. आपल्या गाडीचा कुठला ते माहीत असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.) रेलच्या टोकाच्या सेफ्टी व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढून पाहिली, ती कोरडी होती. उरले नोझल.

चार बाटल्या

दुसऱ्या गॅरेजच्या बिलात बॅक लीकेज टेस्ट (नोझलमधून रिटर्नला, म्हणजे परत टाकीकडे, किती डिझेल जातं ते मोजणं) केल्याचं लिहिलेलं होतं, निकाल "सर्व ठीक". मालकांना विचारलं तर ती सकाळी, थंड इंजिनावर, आयडलला केली होती. चालू इंजिनात प्रत्येक नोझल दर फवाऱ्याला थोडं डिझेल रिटर्नला सोडतोच, ती त्याची चालण्याची रीत आहे. त्या नेहमीच्या रिटर्नमध्ये थंड इंजिनाची थोडी जास्तीची गळती मिसळून गेली. तिसऱ्या नोझलचं रिटर्न तेव्हाही इतरांपेक्षा जरा जास्त होतं म्हणे, पण मर्यादेत.

गरम सेल्फवर ही टेस्ट वेगळंच बोलते. दाब २०० च्या खाली आहे तोवर ईसीयू नोझलना सिग्नल देतच नाही. सगळे नोझल गप्प बसलेले. म्हणजे रिटर्नला जे येईल ती सगळी निव्वळ गळती. चांगला नोझल अशा वेळी जवळपास काहीच सोडत नाही.

चारही नोझलच्या रिटर्न नळ्या काढून चार खुणांच्या बाटल्यांत सोडल्या आणि दहा सेकंद सेल्फ मारला. (याहून जास्त एका दमात मारू नये, स्टार्टर जळतो.) पहिली, दुसरी, चौथी: नळीच्या तोंडाशी एक-एक थेंब जमून ओघळला, बाटलीचा तळ ओला झाला, इतकंच. तिसऱ्या नळीतून सेल्फ फिरल्याफिरल्या सलग धार लागली आणि शेवटपर्यंत तुटली नाही. बाटलीत अकरा मिलिलिटर. बाकी तिन्ही मिळून एक.

इथे एक आकडेमोड केली, आणि माझ्या मते या तपासातला सगळ्यात उपयोगी भाग तोच. या पंपाची क्षमता त्याच्या एका फेरीला सुमारे ०.७ मिलिलिटर. तो इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे २४० फेऱ्यांना मिनिटाला १२०, सेकंदाला दोन. दहा सेकंदांत कागदावर चौदा मिलिलिटर. बाटल्यांत जमलं बारा. दाब स्थिर आहे, म्हणजे आलेलं सगळं बाहेर गेलं आहे, म्हणजे बाटल्यांनी पंपाची आवकच मोजून दिली. गरम, पातळ डिझेलवर सेल्फच्या वेगाने चौदापैकी बारा देणारा पंप निकामी म्हणता येत नाही. पंप न उतरवता सुटला.

खात्री करायला तिसऱ्या नोझलची लाइन रेलवरून काढून तिथे त्या दाबाला चालणारं बंद टोपण बसवलं. परत गरम करून सेल्फ. दाब दोन सेकंदांच्या आत २९० वर गेला आणि इंजिन तीन सिलिंडरवर थडथडत सुरू झालं. लगेच बंद केलं.

आणि हो, रेलच्या लाइनचा नट जुन्या सवयीने सेल्फ मारताना किंवा इंजिन चालू असताना ढिला करायचा नाही, कधीच नाही. पहिल्या पिढीच्या कॉमन रेललाही १,३५० बारपर्यंत दाब असायचा, नंतरच्यांत तो १,६०० आणि २,००० च्या घरात गेला. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून डिझेल आत घुसवते. जखम टाचणीएवढी दिसते आणि ऑपरेशनची वेळ येते. इंजिन बंद करायचं, थांबायचं, स्कॅनरवर दाब शून्य दिसला की मगच पाना लावायचा.

नोझलच्या आत

तिसरा नोझल बेंचवर गेला. या नोझलमध्ये सुईच्या डोक्यावर एक छोटी खोली असते, तिथे रेलचा दाब सुईला खाली दाबून धरतो. वरचं तोंड एका बारीक गोळीने बंद असतं. ईसीयूने सिग्नल दिला की कॉइल गोळीला वर उठू देते, खोलीतला दाब रिटर्नला निसटतो, सुई वर उचलली जाते आणि फवारा सुटतो. सगळा डाव त्या गोळीच्या आणि सीटच्या मेळावर. सूक्ष्मदर्शकाखाली सीटच्या कडेवर एका बाजूला खोदल्यासारखी रेघ दिसत होती आणि तिच्याभोवती तपकिरी डाग. बंद असतानाही डिझेल त्या रेघेतून जात होतं, आणि जाता जाता ती आणखी खोल करत होतं.

तपकिरी डाग पाण्याकडे बोट दाखवतात. मालकांना विचारलं, फिल्टरमधलं पाणी कधी काढलं होतं? "तो दिवा एकदा लागला होता, मग आपोआप गेला," असं ते म्हणाले. नक्की त्याच वेळी सीट खराब झाली असं म्हणता येणार नाही, पण बाकी काही कारण डोळ्यांसमोर येत नाही.

चारही नोझल बदला असा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. आम्ही चारही बेंचवर लावले. तीन फवारा, गळती, प्रमाण या सगळ्यांत बसले, म्हणून ते तसेच परत लावले. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह संच नवा बसवला आणि बेंचवर जुळवून घेतला. हेडमधली नोझलची जागा साफ केली, तांब्याचे वॉशर आणि दाबपट्टीचे बोल्ट नवे. काढलेल्या हायप्रेशर लाइन परत न वापरता नव्या टाकल्या. त्यांची टोकं एकदा बसली की दुसऱ्यांदा तशीच बसतील याची हमी नसते. दुरुस्तीनंतर नोझलचा सुधारित कोड (त्याच्या फवाऱ्याचं प्रमाण ईसीयूला सांगणारा) मिळाला, तो ईसीयूत भरला. हा कोड न भरताही गाडी चालते, पण आयडलला खडखडते आणि मग नव्या तक्रारीचा तपास सुरू होतो.

सोडण्याआधी

परत तासभर चालवली, परत पंचवीस मिनिटं बॉनेट बंद. सेल्फ मारल्यावर दीड सेकंदात २७५ बार, आणि गाडी सुरू. नोझलचे कनेक्टर काढून, म्हणजे सुरू होऊ न देता, बाटल्या पुन्हा लावल्या. चारही बाटल्यांचा तळ जेमतेम ओला.

मालकांची जुनी बॅटरी अजून त्यांच्या घरी पडून होती. ती मागवून घेतली, चार्ज केली आणि गाडीला लावली. गरम इंजिनावर सेल्फ २१० फेऱ्यांवर आला, म्हणजे आधीपेक्षा तीस कमी, तरी दाब २०० च्या वर सहज चढला आणि इंजिनाने पकड घेतली. नवी बॅटरी काढायचा प्रश्न नव्हता. सेल्फ थोडा मंद पडला तरी जमाखर्च शिल्लक राहतो का, एवढंच बघायचं होतं.

पंपाला हात लावला नाही. फिल्टरच्या तळाची पाणी काढायची चकती मालकांना आणि त्यांच्या मुलाला प्रत्यक्ष उघडून दाखवली, आणि दिवा लागला तर आपोआप जाण्याची वाट न बघता फोन करा असं सांगितलं. पुढच्या फिल्टर बदलाच्या वेळी गरम इंजिनावर बाटल्या परत लावायच्या, हे जॉबकार्डवर लिहून ठेवलं आहे.